रेडिओहेड ऐकायचं कुठून? नवख्यांसाठी एक क्रम

रेडिओहेड या इंग्लिश बँडचे स्टुडिओ अल्बम नऊ. पहिला १९९३ चा, नववा २०१६ चा. पसारा एवढाच असूनही या बँडपाशी येऊन परत फिरणारे श्रोते पुष्कळ भेटतात, आणि बहुतेक वेळा त्यांची सुरुवातच अवघड जागी झालेली असते. कुणी 'क्रीप' हे त्यांचं गाजलेलं गाणं ऐकून येतो आणि तशाच आणखी गाण्यांच्या शोधात राहतो. ती फारशी नाहीतच. कुणाला एखादा जाणकार मित्र पहिल्याच दिवशी 'किड ए' हा अल्बम लावून देतो आणि दहा मिनिटांत ऐकणारा कंटाळतो. दोघांचंही नुकसान होतं.

मला हा बँड फार जवळचा आहे, म्हणून हा क्रम लिहून काढला. तो कालक्रमानुसार नाही. एखादी गोष्ट लोकांना आवडली की तीच पुन्हा करायची, हे रेडिओहेडनं कटाक्षानं टाळलं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक अल्बम आधीच्या अल्बमशी भांडत उभा राहिलेला आहे. कशाशी भांडतोय हे कळलं की अवघड वाटणारं संगीतही उलगडायला लागतं. त्यासाठी आधी कान रुळायला हवा, आणि तो मधल्या एका अल्बमवर सगळ्यात लवकर रुळतो.

आधी माणसं ओळखून घ्या

ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांच्या शाळेत १९८५ च्या सुमारास पाच जण एकत्र वाजवायला लागले. शाळेच्या संगीताच्या खोलीत शुक्रवारी तालीम व्हायची, म्हणून बँडचं पहिलं नाव 'ऑन अ फ्रायडे'. थॉम यॉर्क गातो, गिटार आणि पियानो वाजवतो. एड ओब्रायन गिटारवर असतो आणि मागून गातो. कॉलिन ग्रीनवुडकडे बेस, फिल सेलवेकडे ड्रम. कॉलिनचा धाकटा भाऊ जॉनी गिटार, कीबोर्ड आणि हाताला लागेल ते प्रत्येक वाद्य वाजवतो. १९९१ मध्ये ईएमआय कंपनीशी सहा अल्बमचा करार झाला आणि कंपनीच्या सांगण्यावरून नाव बदललं. 'रेडिओहेड' हे नाव त्यांनी 'टॉकिंग हेड्स' या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून घेतलं.

हे पाच जण आजही तेच आहेत. एकही माणूस बदललेला नाही, आणि रॉकच्या दुनियेत हे दुर्मीळ आहे. आणखी दोन नावं लक्षात ठेवा. एक नायजेल गॉड्रिच. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तो ध्वनिमुद्रणाचा अभियंता म्हणून आला आणि पुढे निर्माता झाला. दुसरा चित्रकार स्टॅनली डॉनवुड, ज्यानं यॉर्कच्या जोडीनं १९९४ पासूनची सगळी मुखपृष्ठं केली आहेत.

ऐकण्याची तयारी

मोबाइलवर ऐकणार असाल तर गाण्यांचा क्रम उलटापालटा करणारं 'शफल' बंद करा. एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करणारी 'क्रॉसफेड' सोयही बंद करा. कोणतं गाणं कुठं संपवायचं आणि पुढचं कुठून उचलायचं यावर हा बँड भरपूर विचार करतो. ती जागा ॲपनं खाल्ली तर तो विचारच ऐकू येत नाही. कानाला नीट बसणारे हेडफोन घ्या, महाग नसले तरी चालतील. मोबाइलच्या स्पीकरवर कॉलिनचा बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि निम्मी गाणी त्याच बेसवर उभी आहेत.

शब्द समोर ठेवून ऐकायला बसू नका. यॉर्कचा उच्चार मुद्दाम सैल असतो आणि आवाज बऱ्याचदा वाद्यासारखा वापरलेला असतो. 'किड ए'च्या वेळी त्यानं ओळी कागदावर लिहून, कापून, टोपीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशा निवडल्या होत्या, आणि त्या अल्बमसोबत गाण्यांचे शब्द छापलेच नव्हते. पहिल्यांदा चाल आणि ठेका ऐका, शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप कानात शिरतात.

पायरी १: 'इन रेनबोज' (२००७)

सुरुवात इथून करा. दहा गाणी, जेमतेम पाऊण तास. बँडनं तोपर्यंत जे जे शिकलं ते सगळं यात आहे, आणि तरीही हा अल्बम ऐकणाऱ्याला जवळ घेतो.

पहिलंच गाणं '१५ स्टेप' पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. टाळ्यांसारखा कोरडा, यांत्रिक ठेका सुरू होतो आणि मग जॉनीची स्वच्छ गिटार त्यावर येते. पाच मात्रा मोजत बसायची गरज नाही. दोनदा ऐकलं की पाय आपोआप बरोबर पडतो. चौथं 'वीअर्ड फिशेस/आर्पेजी' मात्र डोळे मिटून ऐका. गिटारी एकमेकींत गुंफत जातात, ड्रम थांबायला तयार नसतात, मध्यावर सगळं तळाशी जातं आणि पुन्हा वर उसळतं. हे गाणं आवडलं नाही तर हा बँड बहुधा तुमच्यासाठी नाही, असं मी बिनदिक्कत म्हणेन. 'नूड' हे गाणं त्यांच्याकडे १९९० च्या दशकापासून होतं. योग्य रूप सापडेपर्यंत त्यांनी ते अडवून धरलं. 'रेकनर' आणि शेवटचं 'व्हिडिओटेप' यांच्यासाठी मी काही सांगत नाही, ती ऐकाच.

हा अल्बम ज्या रीतीनं बाहेर आला तीही माहीत असायला हवी. ईएमआयचा करार २००३ च्या अल्बमबरोबर संपला होता. १ ऑक्टोबर २००७ रोजी जॉनीनं बँडच्या संकेतस्थळावर दोन ओळींत कळवलं की अल्बम तयार आहे आणि दहा दिवसांत येतोय. १० ऑक्टोबरला तो डाउनलोडसाठी खुला झाला. किंमत ऐकणाऱ्यानं ठरवायची, शून्य लिहिलं तरी चालेल. ज्यांना वस्तू हातात हवी त्यांच्यासाठी ४० पौंडांची पेटी होती, तिच्यात जास्तीच्या गाण्यांची दुसरी सीडीही होती. नंतर सीडी दुकानांत आली तेव्हा ती ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. फुकट वाटलेल्या गोष्टीला लोक पैसे मोजणार नाहीत, हा समज तिथं खोटा ठरला.

आठवडाभर हाच अल्बम ऐका. मग गॉड्रिचच्या 'फ्रॉम द बेसमेंट' या मालिकेसाठी एका खोलीत, प्रेक्षकांविना वाजवलेलं याच गाण्यांचं चित्रण पाहा. कोण काय वाजवतंय हे डोळ्यांनी दिसलं की पुढचे अल्बम ऐकणं सोपं जातं.

पायरी २: 'द बेंड्स' (१९९५), आणि 'क्रीप'चं काय करायचं

आता मागे जाऊ. १९९२ मध्ये 'क्रीप' आलं तेव्हा ब्रिटनमध्ये ते फारसं चाललं नाही. बीबीसीच्या रेडिओ १ ला ते फार उदास वाटलं. पण इस्रायलच्या रेडिओवर ते गाजलं, मग अमेरिकेत गाजलं, आणि १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित केल्यावर ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. ध्रुवपदाच्या आधी गिटारचे जे दोन-तीन खरखरीत तडाखे येतात ते जॉनीचे. गाणं त्याला फार मिळमिळीत वाटत होतं आणि ते बिघडवायला म्हणून तो तारांवर तुटून पडला होता. तेच गाण्याचं वैशिष्ट्य ठरलं. ते ज्या अल्बममध्ये आहे तो 'पाब्लो हनी' मात्र सामान्य आहे. त्यावेळच्या अमेरिकन गिटार-बँडांची छाप त्यावर स्पष्ट ऐकू येते. नवख्यानं तो सध्या बाजूला ठेवावा.

पुढची दोन वर्षं त्यांना गावोगावी तेच एक गाणं वाजवावं लागलं. त्या वैतागातून 'माय आयर्न लंग' आलं. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र माणसाला जगवतं आणि जखडूनही ठेवतं. 'क्रीप'नं आपलं तेच केलं, असं ते गाणं सांगतं. त्याचा वाजवलेला भाग लंडनच्या ॲस्टोरिया सभागृहातल्या मे १९९४ च्या कार्यक्रमातून घेतलेला आहे.

'द बेंड्स'चा निर्माता जॉन लेकी. यात तीन गिटारी एकाच वेळी वाजत असूनही गर्दी वाटत नाही. 'फेक प्लास्टिक ट्रीज' यॉर्कनं अमेरिकन गायक जेफ बकलीचा कार्यक्रम ऐकून आल्यावर गायलं. त्याचा आवाज नाजूकपणाला घाबरेनासा झाला तो इथपासून. 'जस्ट'मध्ये जॉनी गिटारवर सूर एकावर एक चढवत नेतो ते ऐका. शेवटचं 'स्ट्रीट स्पिरिट' संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

पायरी ३: 'ओके कम्प्युटर' (१९९७)

या अल्बमबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की नवखा माणूस दबूनच ऐकायला बसतो. तसं दबू नका. मुळात ही गिटार-बँडचीच गाणी आहेत, फक्त वाटेत खूप काही घडतं.

डिडकॉटजवळ सफरचंदं साठवायच्या एका जुन्या शेडचा बँडनं तालमीसाठी स्टुडिओ केला होता. तिथं काम सुरू झालं आणि मोठा भाग बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात झाला, जो तेव्हा अभिनेत्री जेन सीमोर यांच्या मालकीचा होता. वाड्याच्या खोल्या ध्वनिमुद्रणात उतरल्या आहेत. 'एक्झिट म्युझिक'मधला यॉर्कचा आवाज दगडी जिन्यात घेतलेला आहे. 'लेट डाउन' नाचाच्या दालनात पहाटे तीनच्या सुमारास मुद्रित केलं. हेडफोन लावून ऐका, भिंतींचं अंतर कळतं.

'पॅरनॉइड अँड्रॉइड' सहा मिनिटांपेक्षा मोठं आहे आणि वेगवेगळे भाग जोडून बनलेलं आहे. प्रत्येक भाग आला की वाद्यांत काय बदललं एवढंच टिपा: आधी हलकी गिटार, मग सात मात्रांत अडखळणारा खडबडीत तुकडा, मग अचानक प्रार्थनेसारखं संथ समूहगान, आणि शेवटी पुन्हा तोच खडबडीतपणा. एवढं विचित्र गाणं अल्बमचं पहिलं सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) म्हणून निवडलं, आणि ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. 'एअरबॅग'चे ड्रम सेलवेनं वाजवलेल्या काही सेकंदांचे तुकडे करून पुन्हा जोडलेले आहेत. 'फिटर हॅपिअर'मध्ये बोलणारा आवाज मॅकिंटॉश संगणकाचा आहे. पहिल्या वेळी तो तुकडा कंटाळवाणा वाटेल, तरी गाळू नका, कारण त्याच्याआधीचं आणि नंतरचं गाणं त्याच्यामुळे अधिक माणसासारखं वाटतं.

विषयांत प्रवास, वाहनं, जाहिराती, थकवा हे सगळं आहे. १९९७ मध्ये घरोघरी इंटरनेट नव्हतं. आज त्यातली बरीच गाणी आपल्या दिवसांबद्दलची वाटतात.

पायरी ४: 'किड ए' (२०००)

इथं बरेच जण अडकतात, म्हणून थोडं सावकाश.

'ओके कम्प्युटर'नंतरच्या लांबलचक दौऱ्यानं बँड, आणि विशेषतः यॉर्क, पार पिळून निघाला होता. ग्रँट जी या दिग्दर्शकानं त्या दौऱ्यावर माहितीपट केला आहे. त्यातले सततच्या मुलाखतींनी सुन्न झालेले चेहरे पाहिले की पुढचं समजतं. यॉर्कला गिटार घेऊन नवी चाल सुचेना. रेडिओवर आपल्यासारखेच वाजणारे नवे बँड ऐकू येऊ लागले होते. तो एफेक्स ट्विन, ऑटेकर अशांचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होता, ज्यात गायक बहुधा नसतोच. पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्ड असं फिरत महिनोन् महिने काम चाललं. तीन गिटारींच्या बँडमध्ये गिटारच नसेल तर आपण करायचं काय, हा प्रश्न बाकीच्यांना खरोखर पडला होता.

ऐकायचं कसं? पहिल्या दिवशी अल्बम लावूच नका. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' कार्यक्रमात त्यांनी 'इडिओटेक' वाजवलं होतं, ते चित्रण पाहा. जॉनी वायरींच्या जंजाळापुढे वाकलेला आहे आणि यॉर्क अंगात आल्यासारखा नाचतोय. रेकॉर्डवर थंड वाटणाऱ्या या संगीतात किती माणूस आहे ते तिथं दिसतं. त्या गाण्यातले मुख्य स्वरगुच्छ पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकारानं १९७३ मध्ये संगणकावर केलेल्या रचनेतून उचललेले आहेत.

दुसऱ्या दिवशी अल्बम सुरुवातीपासून लावा. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं आहे. झपतालाच्याही दहाच मात्रा, पण इथले खंड झपतालासारखे पडत नाहीत. हातानं मोजून पाहा, सम कुठं येते ते सापडलं की गाणं एकदम बसतं. फक्त कीबोर्ड आणि आवाज, आणि त्याच आवाजाचे तुकडे मागे उलटसुलट फिरत असतात. 'द नॅशनल अँथम'मध्ये एकच बेस शेवटपर्यंत हटत नाही आणि त्यावर पितळी वाद्यांचा ताफा हळूहळू बेभान होतो. मग 'हाउ टु डिसअपिअर कम्प्लीटली'. दौऱ्यातल्या त्या दिवसांत आर.ई.एम. बँडच्या मायकेल स्टाइपनं यॉर्कला सल्ला दिला होता की स्वतःला सांगायचं, मी इथं नाही, हे घडतच नाही. तोच सल्ला गाण्याच्या गाभ्याशी आहे. तंतुवाद्यांची रचना जॉनीची. त्यातच ऑन्ड मार्टेनो हे वाद्य ऐकू येतं: १९२८ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा सादर झालेलं विजेवर चालणारं वाद्य, ज्यावर मींडेसारखा सूर ओढता येतो. माझ्या मते या बँडची ही सगळ्यात मोठी सहा मिनिटं.

या अल्बममधून एकही सिंगल काढलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओ केले नाहीत. प्रकाशनाआधीच गाणी नॅप्स्टर या इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करायच्या सोयीवर फुटली होती. तरीही तो अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला, जे 'ओके कम्प्युटर'लाही जमलं नव्हतं.

पायरी ५: 'अम्नीझिॲक' (२००१) आणि 'हेल टु द थीफ' (२००३)

'अम्नीझिॲक' त्याच ध्वनिमुद्रणातून निघाला. तो सलग ऐकण्याआधी 'पिरॅमिड साँग' वेगळं ऐका. पियानो अडखळतोय असं वाटतं, पण सोळाची मोजणी ३-३-४-३-३ अशी केली की घडी बरोबर बसते. तीनतालाची सवय असलेल्या कानाला यात वेगळीच गंमत येईल. शेवटच्या गाण्यात तेव्हा ऐंशीला टेकलेले ब्रिटिश जॅझ ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटल्टन आपल्या साथीदारांसह वाजवतात. 'लाइक स्पिनिंग प्लेट्स' हे 'आय विल' नावाच्या दुसऱ्या गाण्याची टेप उलटी फिरवून सापडलं. मूळ 'आय विल' पुढच्या अल्बममध्ये सरळ रूपात आहे. दोन्ही पाठोपाठ लावून बघा.

'हेल टु द थीफ'चं बरंचसं काम लॉस एंजेलिसमध्ये दोन आठवड्यांत उरकलं. गिटारी परत आल्या, संगणकही राहिला. चौदा गाणी जास्त होतात, आणि यॉर्कनं स्वतःच नंतर कमी गाण्यांचा वेगळा क्रम जाहीर केला होता. म्हणून इथं निवडून ऐकायला माझी हरकत नाही: '२+२=५', 'सेल टु द मून', 'देअर देअर', 'अ वुल्फ ॲट द डोअर'. 'देअर देअर' मंचावर वाजतं तेव्हा जॉनी आणि एड दोघंही सुरुवातीला गिटारऐवजी ड्रम बडवतात.

पायरी ६: 'अ मून शेप्ड पूल' (२०१६)

आता सरळ शेवटच्या अल्बमकडे या, मधला एक नंतर. दक्षिण फ्रान्समधल्या ला फाब्रिक स्टुडिओत हे काम झालं. लंडन कंटेंपररी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं जवळपास सगळीकडे आहेत, आणि पहिल्या 'बर्न द विच'मध्ये वादकांनी ती गजाऐवजी गिटारच्या प्लेक्ट्रमनी छेडली आहेत. अकरा गाणी इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेली आहेत, तरी ती जणू मुद्दाम तशी रचल्यासारखी वाहतात.

'ट्रू लव्ह वेट्स'साठी थोडा अभ्यास करा. हे गाणं यॉर्क १९९५ पासून कार्यक्रमांत गात होता. २००१ च्या 'आय माइट बी राँग' या थेट ध्वनिमुद्रणांच्या अल्बममध्ये ते एकट्या गिटारवर आहे, आणि त्यात विनवणीचा जोर आहे. ते आधी ऐका, मग २०१६ चं पियानोवरचं ऐका. शब्द तेच, गाणारा वीस वर्षांनी मोठा. दोन रूपं शेजारी ठेवल्याशिवाय या गाण्याची किंमत कळत नाही.

पायरी ७: 'द किंग ऑफ लिम्ब्स' (२०११)

आठ गाणी, पुनरावर्ती ठेके, आणि रेकॉर्डवर सगळं थोडं कोंदटलेलं. हा अल्बम मी कधीच आधी सुचवत नाही. याचंही 'फ्रॉम द बेसमेंट' चित्रण आहे, ज्यात क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमवादक आहे. तेच बघा, तीच गाणी तिथं मोकळा श्वास घेतात.

पुढे कुठं जायचं

'ओके कम्प्युटर'च्या विसाव्या वर्षी, २०१७ मध्ये, 'ओकेनॉटओके' नावाची आवृत्ती निघाली. त्यात 'आय प्रॉमिस', 'लिफ्ट' आणि 'मॅन ऑफ वॉर' ही तोवर अधिकृतपणे न आलेली तीन गाणी आहेत. सिंगलच्या मागच्या बाजूला राहून गेलेल्या गाण्यांपैकी 'टॉक शो होस्ट' पहिलं शोधा. बँडनं २०२० मध्ये 'रेडिओहेड पब्लिक लायब्ररी' या नावानं स्वतःचं दप्तर संकेतस्थळावर खुलं केलं. जुने कार्यक्रम, चित्रं, व्हिडिओ सगळं तिथं अल्बमनुसार लावलेलं आहे. २०१८ नंतर ते एकत्र मंचावर आले थेट नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये, माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन या पाच शहरांत.

भारतीय कानांसाठी एक थांबा आवर्जून घ्यावा असा आहे. २०१५ मध्ये जॉनी ग्रीनवुड आणि गॉड्रिच जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात जाऊन राहिले आणि इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर व 'राजस्थान एक्स्प्रेस' या वादक-गायकांच्या ताफ्यासोबत 'जुनून' अल्बम केला. कव्वाल, मांगणियार हे राजस्थानी लोककलावंत आणि बँडबाजावाले एकत्र आहेत. जॉनीनं स्वतःला मुद्दाम मागे ठेवलं आहे, आणि पाहुण्यानं असंच वागावं असं मला वाटतं. पॉल थॉमस अँडरसन या दिग्दर्शकानं त्या दिवसांवर याच नावाचा माहितीपट केला आहे. त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटांना जॉनी २००७ पासून पार्श्वसंगीत देतो. त्यातलं 'फँटम थ्रेड'चं संगीत चित्रपट न पाहताही ऐकता येतं.

शेवटी 'द स्माइल': यॉर्क, जॉनी आणि जॅझकडून आलेला ड्रमवादक टॉम स्किनर यांचा त्रिकूट-बँड. २०२२ ते २०२४ या काळात तीन अल्बम झाले. दुसऱ्या, 'वॉल ऑफ आइज'मधल्या 'बेंडिंग हेक्टिक'पासून सुरुवात करा. गाणं आठ मिनिटांचं आहे, पहिली पाच-सहा मिनिटं फार काही घडत नाही असं वाटेल. तेव्हा पुढे ढकलू नका आणि आवाजही वाढवून ठेवू नका.